अंदाज आणि अंदाजपत्रक

अंदाजपत्रक म्हणजे काय, हे व्यवस्थापकीय लेखापालाला शिकवायला नको. एप्रिल ते मार्च या वर्षासाठी मंजूर झालेले आकडे आणि त्या आकड्यांना बांधलेले विभागप्रमुख, एवढे त्याला पाठ असते. गोंधळ आहे तो अंदाजाबाबत. यंत्राने मागच्या नोंदींवरून काढलेला अंदाज उचलायचा, अंदाजपत्रकाच्या रकान्यात चिकटवायचा आणि ‘आमचे बजेट आता एआय करते’ असे बैठकीत सांगायचे, ही रीत इतकी बोकाळली आहे की दोन शब्दांतले साम्यच याला कारण असावे, अशी शंका येते.

डेटा ॲनालिटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांतील फरकावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. पहिल्यात आपण नोंदी चाळून काय घडले ते शोधतो, दुसरीत यंत्र त्या नोंदींतून स्वतःच नियम उचलते, आणि रोजच्या कामात दोन्ही मिसळलेलीच असतात. मात्र एक्सेल २०१६ मधल्या, मागच्या आकड्यांवरून पुढचे आकडे काढणाऱ्या फोरकास्ट शीटला कोणी कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की राहवत नाही, कारण तिच्यामागची एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची, म्हणजे ताज्या नोंदींना जास्त आणि जुन्यांना कमी वजन देण्याची, पद्धत १९५०च्या दशकातली आहे.

खरी मेख पुढे आहे. काय होईल ते अंदाज सांगतो. काय व्हायला हवे आणि न झाल्यास जाब कोणी द्यायचा, हे अंदाजपत्रक ठरवते. समजा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून नग काढणाऱ्या कारखान्यात, नगामागे २.४० किलो पत्रा हे प्रमाण, म्हणजे लागायला हवा तेवढा वापर, ठरलेले आहे, पण डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) झिजल्यामुळे बाद नग वाढले आणि वर्षभर प्रत्यक्षात २.५२ किलो लागतो आहे. यंत्र बारा महिन्यांच्या नोंदी वाचून पुढच्या महिन्यासाठी २.५२ सांगते आणि ते बरोबरही येते. पत्रा किती मागवायचा, बँकेत रोकड किती ठेवायची, यासाठी हाच आकडा घ्यावा, त्यात वाद नाही. पण तोच प्रमाण म्हणून बसवला, की महिनाअखेरीस तफावत, म्हणजे प्रमाण आणि प्रत्यक्ष यांतला फरक, शून्य येते, अहवालात लाल आकडा उरत नाही, आणि १०,००० नगांमागे १,२०० किलो, म्हणजे किलोला ७० रुपये धरले तर ८४,००० रुपयांचा जादा पत्रा गेला कुठे, हे विचारण्याची सोयच राहत नाही. नासाडी अधिकृत होते, तीही बिनचूक गणिताने.

यावर ‘अंदाजपत्रक दोन महिन्यांत शिळे होते’ असे उत्तर हमखास मिळते. त्यासाठी लवचिक अंदाजपत्रक आधीपासूनच आहे. उत्पादन १२,००० नगांवर गेले तर ते एकूण पत्रा २८,८०० किलो धरते, नगामागचे २.४० मात्र हलू देत नाही.

उलट्या दिशेनेही घोळ होतो. उद्दिष्ट गाठण्यासाठी मार्चअखेरीस विक्रेत्यांच्या गळ्यात माल मारलेला असतो. यंत्र ती मार्चमधली मागणी समजते आणि पुढच्या मार्चला तेवढीच विक्री सांगते. म्हणजे अंदाजातही जुने अंदाजपत्रक शिरलेले असते, आणि ते ओळखायला विक्री विभागाच्या खोड्या माहीत असाव्या लागतात.

बिले जुळवणे, खाती मिळवणे ही कामे यंत्राकडे गेली याचे मला दुःख नाही. आता ते तफावतीवरची टिप्पणीही लिहून देते, आणि तिथे मात्र मी प्रत्येक वाक्य तपासतो. साहित्य वापराच्या तफावतीखाली ‘पोलादाच्या दरवाढीमुळे’ असे गुळगुळीत कारण छापून येते, वास्तविक ही तफावत आधीच ठरवलेल्या प्रमाण दरानेच मोजलेली असल्याने दरवाढीचा तिच्याशी संबंधच असू शकत नाही. म्हणून मी प्रमाण, अंदाज आणि प्रत्यक्ष असे तीन रकाने वेगळे ठेवतो, एकावर दुसरा कधीही चढवू देत नाही, आणि टिप्पणी लिहिण्याआधी डाय दुरुस्त करणाऱ्या टूल रूममध्ये जाऊन डायला शेवटची धार कधी लावली होती ते विचारून येतो.