लेकिथॉस

लेकिथॉस ही प्राचीन ग्रीसमधील तेलाची मातीची कुपी. अंग उभट, गळा निमुळता, कान एकच आणि तोंड खोलगट. गळा अरुंद असल्याने तेल बेताने पडे. ऑलिव्हचे तेल स्वयंपाकाला, दिव्याला लागे, तसेच अंगालाही. व्यायामशाळेत जाणारे पुरुष अरिबॅलॉस नावाची छोटी गोल कुपी मनगटाला अडकवून नेत आणि नंतर अंगावरचे तेल, घाम व धूळ धातूच्या वाकड्या खरवडणीने काढत. स्त्रियांच्या सुगंधी तेलासाठी अलाबास्ट्रॉन ही लांबट कुपी असे.

वापरातल्या लेकिथॉसवरची चित्रे भाजून पक्की केलेली असत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आमासिस चित्रकाराची इ. स. पू. सहाव्या शतकातली एक कुपी आहे. जेमतेम १७ सेंमी. उंचीच्या या कुपीवर बायका लोकर तोलताना, सूत काढताना, उभ्या मागावर विणताना आणि तयार कापडाच्या घड्या घालताना दिसतात. मागाला खाली ताणासाठी लटकवलेली वजनेसुद्धा चित्रकाराने सोडलेली नाहीत.

इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये पांढऱ्या लेपाचे लेकिथॉस मुख्यतः मृतांसाठी घडू लागले. नातलग ते प्रेताजवळ किंवा थडग्यावर ठेवीत. त्यांवर फिती बांधलेला स्मृतिस्तंभ, मृतांना पैलतीरी नेणारा नावाडी खॅरॉन, मृतदेह उचलणारे निद्रा व मृत्यू हे भाऊ असे विषय येतात. निळा, हिरवा असे काही रंग भाजणीनंतर लावत. ते टिकत नसत, म्हणून आज पुष्कळ ठिकाणी नुसती रेषाच उरली आहे. वापरायची वस्तूच नव्हे म्हटल्यावर रंगांच्या टिकाऊपणाची चिंता कोणाला असणार? या प्रकारात अकिलीझ चित्रकाराच्या रेषेची सर फारच थोड्यांना आली. ॲरिस्टोफेनीझच्या एका विनोदी नाटकात मृतांसाठी लेकिथॉस रंगवणाऱ्याची टवाळीही आहे.

काही लेकिथॉसांत गळ्याखाली एक छोटे आतले भांडे बसवलेले आढळते. तेवढेच भरले की बाहेरून अख्खी कुपी काठोकाठ भरलेली वाटे. तेल महाग होते, पण मृताचा मान तर राखायला हवा; त्यावर कुंभाराने काढलेली ही तोड. भाजताना आतली कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून अंगाला एक बारीक भोक ठेवावे लागे आणि जाणत्याला त्यावरूनच चलाखी ओळखता येते.

इ. स. पू. ४०० च्या सुमारास हे पांढरे लेकिथॉस मागे पडले. तोवर थडग्यांवर त्याच आकाराचे संगमरवरी लेकिथॉस उभे राहू लागले होते. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील अशा एका लेकिथॉसवर मृतांना परलोकी नेणारा हर्मीझ देव मिऱ्हिनी या मृत स्त्रीला हात धरून नेताना कोरला आहे.