इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी : आवर्तसारणीतील कल

वायुरूपातील एकट्या, प्रभाररहित अणूने एक इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन तयार होताना एन्थाल्पीत (स्थिर दाबाखाली उष्णतेच्या रूपाने घेतल्या-दिल्या जाणाऱ्या ऊर्जेत) जो बदल होतो, त्याला इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी म्हणतात. ती दर मोलमागे किलोज्यूलमध्ये मोजतात (पुढील सर्व किमती याच एककात आहेत). ऊर्जा बाहेर पडली तर किंमत ऋण, बाहेरून पुरवावी लागली तर धन. ‘इलेक्ट्रॉन आसक्ती’ जवळपास हीच गोष्ट उलट चिन्हाने मांडते. त्यामुळे दोन तक्ते शेजारी ठेवून वाचताना आधी चिन्ह पाहावे. विद्यार्थ्यांचा घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरील प्रभार वाढतो, अणू आकसतो आणि किंमत साधारणपणे अधिक ऋण होत जाते. गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली उतरताना अणू मोठा होतो, नवा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर पडतो आणि किंमत कमी ऋण होते. गण १ हे सरळ पाळतो : लिथियम −६०, सोडियम −५३, पोटॅशियम −४८. बेरिलियम, मॅग्नेशियम (भरलेले एस उपकवच, म्हणजे कवचातला एक कप्पा) आणि नायट्रोजन (अर्धे भरलेले पी उपकवच) यांना मात्र आणखी इलेक्ट्रॉन नकोसा असतो. राजवायूंच्या किमती तर स्पष्टपणे धन आहेत, निऑनची +११६.

सर्वांत ऋण किंमत फ्लोरिनची नसून क्लोरिनची आहे : फ्लोरिन −३२८, क्लोरिन −३४९. फ्लोरिनचा अणू इतका लहान की दुसऱ्या कवचात आधीच दाटीने असलेले इलेक्ट्रॉन नव्याला जोराने दूर लोटतात. क्लोरिनच्या तिसऱ्या कवचात ऐसपैस जागा असते. याला पुस्तके ‘अपवाद’ म्हणतात, पण तो शब्द अपुरा आहे. ऑक्सिजन −१४१ तर गंधक −२००. कार्बन −१२२ तर सिलिकॉन −१३४. बोरॉन आणि ॲल्युमिनियम, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचेही तसेच. गण १३ ते १७ या पाचही गणांत दुसऱ्या आवर्तातले मूलद्रव्य खालच्यापेक्षा मागे पडते, म्हणजे हा त्या आवर्ताचा नियमच म्हणायला हवा. तरीही फ्लोरिन हा क्लोरिनपेक्षा प्रबळ ऑक्सिडीकारक (दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन खेचून घेणारा) आहे, कारण त्याच्या रेणूतील बंध सहज तुटतो आणि फ्लोराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू जमताना बरीच ऊर्जा सुटते.

कोकण किनाऱ्यावर क्लोरिनचा हा गुण मिठाच्या रूपाने पदरात पडतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गाजलेल्या, वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला मिठागरे आहेत. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे, पाणी पुरेसे घट्ट झाले की पांढरे खडे धरू लागतात. इथे कोणताही इलेक्ट्रॉन हलत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड आधीपासूनच आयनरूपात असते. ऊन फक्त पाणी उडवून नेते. सुट्या अणूंपासून मीठ बनवायचे म्हटले तर सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात आणि क्लोरिनकडून ३४९ परत मिळतात. १४७ ची तूट राहते. ती भरून निघते स्फटिकात आयन एकमेकांना बिलगताना सुटणाऱ्या सुमारे ७८७ मुळे. इलेक्ट्रॉनची सर्वाधिक ओढ असलेल्या मूलद्रव्यालाही एवढा आधार लागतो. मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमच्या क्षारांसोबत ब्रोमाइडही साठते. ब्रोमिनची किंमत −३२५, फ्लोरिनच्या अगदी जवळ. आयोडिनची −२९५.

दुसऱ्या इलेक्ट्रॉनची गोष्ट वेगळी. ऑक्सिजन पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऊर्जा सोडतो, पण तयार झालेला ऋण आयन पुढच्या इलेक्ट्रॉनला दूर लोटतो; त्याला आत ढकलायला सुमारे ७८० खर्चावे लागतात. म्हणून दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन एकटा, वायुरूपात टिकत नाही. घन पदार्थात धातूच्या आयनांनी चहूबाजूंनी वेढला की टिकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरांना आणि गडग्यांना जो जांभ्याचा चिरा वापरतात, त्याचा तांबडा रंग लोहाच्या अशाच ऑक्साइडचा आहे.