लहान मुलाला कॅन्सर निघाला तर महात्मा फुले योजनेचा अर्ज: अडतो तो मुलाच्याच कागदांवर

मुलाच्या रिपोर्टमध्ये ब्लड कॅन्सर आला की घरातले आधी पैशाच्या मागे धावतात, सोनं गहाण, मित्रांचे ग्रुप, उसनवारी, आणि योजना आठवते तेव्हा पहिलं बिल भरून झालेलं असतं. आता हे नीट ऐका, महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणजे राज्य सरकारची बिनपैशाच्या उपचारांची योजना, एकदा भरलेलं बिल तिच्यात परत मिळत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही नाही. म्हणून ॲडमिट होतानाच योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला गाठा.

पात्रता सोपी आहे. महाराष्ट्रातलं रेशनकार्ड हवं, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं, आणि हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे, ते 155388 या हेल्पलाइनवर विचारता येतं. मर्यादा वर्षाला 5 लाख, पण ती अख्ख्या कुटुंबाची. त्याच वर्षी आजोबांची अँजिओप्लास्टी याच कार्डावर झाली असेल तर उरलेलेच पैसे मुलाला.

खरी गंमत पुढे आहे. तीन-चार वर्षांच्या पोराचं नाव रेशनकार्डावर नसतंच! कोणी कशाला चढवेल, धान्य तर येतंय. नाव चढवायचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या, मुंबईत असाल तर रेशनिंग ऑफिसला, पण त्याला वेळ लागतो आणि केमो थांबत नाही. तोपर्यंत मुलाचा जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबत मुलाचा फोटो आणि पालकाचं नाव असलेलं रेशनकार्ड एवढ्यावर काम होतं. काउंटरवरून "नाव नाही, होणार नाही" म्हणून परत पाठवलं तर लगेच घरी जाऊ नका, हे तीन कागद पुढे ठेवा आणि तरी ऐकलं नाही तर तिथूनच हेल्पलाइनला फोन लावा.

आता जन्मदाखला काढून बघा. बऱ्याच दाखल्यांवर नावाचा रकाना कोराच असतो, कारण बाळ जन्मलं तेव्हा बारसं झालेलं नव्हतं आणि नंतर कोणी फिरकलंच नाही. जिथे जन्माची नोंद झाली त्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव घालून मिळतं, पहिल्या वर्षात फुकट, पुढे 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून. अडचण एवढीच की बाळंतपण माहेरी झालेलं असतं, म्हणजे नोंद भलत्याच तालुक्यात. मामाला पाठवा, आईला मुलाजवळून हलवू नका.

आधारचं वेगळंच. पाचच्या आतलं निळं आधार बोटांच्या ठशांशिवाय बनतं, पाच पूर्ण झाली की ठसे द्यावे लागतात, नाही दिले तर ऑनलाइन पडताळणीत अडकतं. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेलं मूल आधार केंद्राच्या गर्दीत न्यायचं नसतं, त्याला संसर्ग लगेच होतो. केमो सुरू व्हायच्या आधी जमलं तर उरकून घ्या, नाहीतर डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच न्या.

आणि कागदांसाठी उपचार लांबवू नका. इमर्जन्सी असेल तर आरोग्यमित्रामार्फत फोनवर मंजुरी घेऊन सुरुवात करता येते, कागद मागून देता येतात. केमोची मंजुरी टप्प्याटप्प्याने येते, एकदा झालं म्हणजे सुटलो असं नाही, रिपोर्टची फाईल दर वेळी सोबत.

योजनेत बसलंच नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. तिथे उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि तो चालू वर्षाचा. फेब्रुवारीत काढलेला दाखला 31 मार्चला संपतो, लोक एप्रिलमध्ये तोच जोडतात आणि अर्ज परत येतो. खाजगी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक असेल तर त्यावर जिल्हा शल्य चिकित्सकांची सही लागते, नुसतं हॉस्पिटलचं लेटरहेड चालत नाही. पेशंट बेडवर असतानाचा जिओ टॅग फोटोही (ज्यावर जागेची नोंद येते असा) मागतात, तेव्हा फोनचं लोकेशन चालू ठेवून काढा.

रेल्वेने मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा दुसरीकडे उपचाराला जाणार असाल तर हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. स्लीपर आणि थ्री एसीला मुलाचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. हा फॉर्म आपणहून कोणी देत नाही, मागावा लागतो.