रेकॉर्ड घ्या, पण आधी पिन बघा

आमच्याकडे जुन्या-नव्या रेकॉर्ड विकत मिळतात, धुऊन मिळतात आणि प्लेअर दुरुस्त होतात. हे पत्रक नव्या गिऱ्हाइकांसाठी आहे, तसंच आजोबांचं खोकं नुकतंच माळ्यावरून खाली काढलेल्यांसाठीही. दुकानदारानेच ‘जपून घ्या’ म्हणावं हे विचित्र वाटेल. पण ज्यांच्या घरी रेकॉर्ड वाजते तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं. नुसता ढीग रचणारे काही वर्षांनी तोच ढीग आमच्याकडे विकायला आणतात.

मजा कशात आहे

मोबाइलवर सगळं मिळत असताना रेकॉर्ड कशाला, असं बरेच जण विचारतात. ‘आवाज भारी असतो’ एवढंच उत्तर आम्ही देत नाही. स्वच्छ एलपी (मोठी, लांब वाजणारी रेकॉर्ड) चांगल्या पिनेवर, म्हणजे खाचेत फिरणाऱ्या सुईवर, सुरेख वाजते हे खरं, पण झिजलेली रेकॉर्ड स्वस्तातल्या प्लेअरवर मोबाइलपेक्षाही वाईट वाजते. मजा आहे ती बैठकीची. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. ती संपली की उठून पालटायची, म्हणून मधलं गाणं ढकलायचा आळस होतो आणि एरवी कधी ऐकलं नसतं ते ऐकलं जातं. कव्हरच्या मागे तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण हे छापलेलं असतं. शिवाय कितीतरी नाट्यपदं, लावण्या, कीर्तनं ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर आली ती तिथेच राहिली.

७८, ४५, ३३

७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची: लाख, दगडाची पूड आणि काजळी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात, त्यामुळे मोठमोठ्या गवयांना अख्खा राग तेवढ्यात बसवावा लागे. हातातून निसटली की तुकडे. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची (एक प्रकारचं प्लॅस्टिक) एलपी आली आणि पुढच्याच वर्षी ४५ची सात इंची. आपल्याकडे चार गाण्यांची फिल्मी ईपी (एलपीहून छोटी रेकॉर्ड) घरोघरी पोचली ती याच सात इंचांत.

जुन्या प्लेअरवर १६चा आकडाही दिसतो. त्या वेगाची रेकॉर्ड तुम्हाला बहुधा कधीच सापडणार नाही. पण १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी १६⅔ फेऱ्यांचीच आहे, आणि तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दुकानात कुणी विषय काढला तर आम्ही हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ७८ची खाच रुंद आणि एलपीची बारीक, त्यामुळे दोघींना पिन वेगळी लागते. एलपीच्या पिनेने ७८ वाजवली तर पिन खाचेच्या तळाशी लोळते आणि खरखरीशिवाय फारसं काही ऐकू येत नाही. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी ठेवलीत तर जड साउंडबॉक्स (पिन धरणारा, आवाज काढणारा डबा) आणि लोखंडी पिन एका फेरीत तिची वाट लावतात. चावीच्या ग्रामोफोनची लोखंडी पिन दर बाजूला बदलायची असते. ‘अजून चालतेय की’ म्हणू नका. त्या बोथट पिनेची किंमत तबकडी मोजते.

घेताना काय बघायचं

चोर बाजारात असा, पुण्याच्या जुन्या बाजारात असा किंवा आमच्या काउंटरवर, रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. कडेला आणि मधल्या लेबलला धरा, खाचांना बोट लावू नका. ट्यूबलाइटखाली तिरकी करून हळूहळू फिरवा. केसासारख्या बारीक रेघा बऱ्याचदा ऐकूही येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र दर फेरीला ‘टक’ करणारच. तो खाचांना आडवा असेल तर टकटकीवर भागतं, खाचेच्या दिशेने तिरपा गेला असेल तर पिन घसरते किंवा अडकते. एकही ओरखडा नाही पण चकाकी जाऊन राखाडी झाक आली असेल, तर ती पिनेचा हात (पिन धरणारी दांडी) जड असलेल्या प्लेअरवर झिजलेली आहे. अशी रेकॉर्ड धुऊन सुधारत नाही, आम्हीही सुधारू शकत नाही.

मग मधलं भोक बघा. प्लेअरच्या मधल्या दांड्यावर बसवताना चाचपडलं की लेबलवर बारीक पांढुरक्या रेघा उमटतात. जितक्या रेघा जास्त, तितकी रेकॉर्ड जास्त वाजलेली. शेवटी डोळ्यासमोर आडवी धरून वाकलीय का ते पाहा.

विकणारा ‘गुड’ म्हणाला तर सावध व्हा. या धंद्यात ‘गुड’ म्हणजे बरीच वाजलेली. चांगली हवी तर ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरू नका. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय एलपींच्या क्रमांकात ईसीएलपी असेल तर ती मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ईसीएसडी असेल तर स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). जुन्या गाण्याची मोनो प्रत कमअस्सल समजू नका, आम्हाला तर तीच आवडते.

मोहाच्या जागा

पहिला मोह लॉटचा. शंभर रेकॉर्डचा गठ्ठा घेतला की दर स्वस्त पडतो, पण त्यातल्या ऐंशी तुम्ही दुसऱ्यांदा लावत नाही. शंभर एलपींचं वजन पंचवीस-तीस किलो भरतं, हे फळी ठोकण्याआधी ध्यानात घ्या. दुसरा मोह सीलबंद जुन्या मालाचा. प्लॅस्टिक नंतरही चढवता येतं, आणि आत वाकलेली निघाली तर बोलायची सोय नाही. तिसरा १८० ग्रॅम वजनाच्या नव्या रेकॉर्डचा. जाड रेकॉर्ड हाताला छान लागते, पण आवाज ठरतो तो मूळ ध्वनिमुद्रण आणि कापणी (साच्यासाठी खाचा कोरणं) कशावरून झाली यावर.

‘दुर्मिळ’ या शब्दाला आमच्याकडे वेगळा दर नाही.

आणि पिन. हजारोंच्या रेकॉर्ड घेणारे पिनेला काचकूच करतात. हिऱ्याची पिन पाचशे ते हजार तास चालते, जुन्या प्लेअरमधली सफायरची त्याहून बरीच कमी. एचएमव्हीच्या फिएस्टासारखा जुना प्लेअर मिळाला असेल तर रेकॉर्ड ठेवण्याआधी आमच्याकडे आणा. पट्टा सैल असतो, पिनेचा हात जड पडतो, पिन कधीची हे कुणालाच माहीत नसतं.

घरी

उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. एप्रिलमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर विसरलेली एलपी पापडासारखी होते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, कव्हरांना बुरशी धरते. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. ७८ला स्पिरिट चुकूनही लावू नका. पॉलिशवाले लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, तुमची तबकडीही तशीच विरघळेल.

जुनं खोकं आणताना पुसून चकचकीत करून आणू नका, कोरडी धूळ खाचांत घासली जाते. जशी असेल तशी उभी भरून आणा. संच असेल तर सगळे भाग आणि पुस्तिका शोधून एकत्र आणा, अर्ध्या संचाला भाव जवळजवळ नसतो. दुकानातली कुठलीही रेकॉर्ड आम्ही काउंटरवर दोन्ही बाजूंनी वाजवून दाखवतो. गर्दी कमी असते तेव्हा दुपारी या, म्हणजे निवांत ऐकून नेता येईल.