हॉट रॉड रोडस्टर

हॉट रॉड रोडस्टर : जुन्या अमेरिकन उघड्या मोटारीचे वजन घटवून, तिची उंची कमी करून आणि इंजिनाची ताकद वाढवून तयार केलेली वेगवान गाडी. आधारासाठी प्रामुख्याने फोर्ड कंपनीची मॉडेल टी (1908–27), मॉडेल ए (1928–31) आणि 1932 ते 1934 मधील मॉडेले वापरली गेली. अशा गाड्या बांधणे, जुन्या शोधून जतन करणे व त्यांची पारख करणे हा दक्षिण कॅलिफोर्नियात वाढलेला आणि पुढे अमेरिकेबाहेरही पसरलेला छंद आहे. भारी मोटारींना केवळ देखणेपणासाठी नवा आकार देणारी ‘कस्टम’ परंपरा याच प्रदेशात वाढली. मात्र हॉट रॉडचा मूळ हेतू वेग हा असल्याने रसिक या दोन परंपरा वेगळ्या मानतात. पट्टेदार शिवणीच्या गाद्या, रंगकाम आणि बारीक रेघांची नक्षी यांपुरता दोहोंचा संबंध येतो.

रोडस्टर म्हणजे दोन आसनांची, कापडी टपाची आणि दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नसलेली मोटार. 1930 च्या दशकात जुनी रोडस्टर स्वस्तात मिळे. शिवाय बंद गाडीपेक्षा ती वजनाला हलकी असे. तरुणांच्या पसंतीला एवढी कारणे पुरेशी होती. स्पर्धांच्या नियमांमुळे ती पसंती आणखी पक्की झाली, कारण सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या सुरुवातीच्या शर्यती मुख्यतः रोडस्टरसाठीच असत आणि छत असलेल्या कूपे गाड्यांना तेथे दीर्घकाळ जागा नव्हती.

या छंदाच्या उगमाविषयी दोन मते प्रचलित आहेत. लोकप्रिय मतानुसार दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी, लष्करात मिळवलेल्या यांत्रिक कौशल्याच्या व हाती असलेल्या पैशाच्या बळावर, हॉट रॉडिंग सुरू केले. या मताला आधार नाही असे म्हणता येणार नाही : ॲलेक्स झिडियस यांनी सैन्यातून बाहेर पडल्यावर 1946 मध्ये बरबँक येथे सो-कॅल स्पीड शॉप हे दुकान उघडले, आणि बिल बर्क यांनी लढाऊ विमानांच्या टाकाऊ इंधनटाक्यांपासून शर्यतीच्या गाड्या बनवल्या. हॉट रॉड हे मासिक जानेवारी 1948 मध्ये निघाले आणि युटाहमधील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर या मंडळींची पहिली वेगचाचणी 1949 मध्ये झाली, म्हणजे छंदाचा प्रसार युद्धोत्तर काळातच झाला. तथापि प्रसार आणि उगम या गोष्टी भिन्न आहेत. उपरोक्त असोसिएशन 1937 च्या अखेरीस स्थापन झाली व तिने 1938 मध्ये मोहावी वाळवंटातील म्युरॉक या कोरड्या तलावाच्या पात्रात पहिली स्पर्धा भरवली. ती स्थापन करणारे क्लब अर्थातच त्यापूर्वीचे होते. म्युरॉकच्या सपाट, कठीण मातीवर 1930 च्या दशकाच्या प्रारंभापासूनच वेळ मोजून गाड्या पळवल्या जात. त्याही मागे गेल्यास, एड विनफील्ड यांचे कार्ब्युरेटर व कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे दांडे), शेवरोले बंधूंची ‘फ्रॉन्टेनॅक’ सिलिंडर हेडे (सिलिंडरांवरची झाकणे) आणि लॉस एंजेलिसजवळील बेल ऑटो पार्ट्स हे दुकान यांचा काळ 1920 च्या दशकाचा आहे. चार सिलिंडरांच्या फोर्डसाठी सुटे भाग घडवणारा व्यवसाय इतका आधी उभा होता, हे ध्यानात घेता हा छंद युद्धापूर्वीच आकाराला आला होता आणि युद्धाने त्याला माणसे, पैसा व प्रसिद्धी मिळवून दिली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. युद्धकाळात म्युरॉकचे पात्र लष्करी विमानतळाकडे गेले (आजचा एडवर्ड्स तळ) आणि शर्यती एल मिराज या दुसऱ्या कोरड्या तलावावर स्थिरावल्या.

रसिकांच्या लेखी सर्वांत मोलाची गाडी म्हणजे 1932 ची फोर्ड रोडस्टर, बोलीतली ‘ड्यूस’. तिची ख्याती सामान्यतः इंजिनाशी जोडली जाते, कारण त्या वर्षी फोर्डने स्वस्त मोटारीत प्रथमच आठ सिलिंडरांचे व्ही-8 इंजिन दिले. 221 घनइंचांच्या या इंजिनाची ताकद 65 अश्वशक्ती होती. परंतु जाणकार तितकेच महत्त्व चासिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, देतात. मडगार्ड व पायऱ्या काढल्या की 1932 च्या चासिसच्या दोन्ही लांब पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगावर दाबून उठवलेली रेषा बॉडीखालून पुढे रेडिएटरपर्यंत सलग जाताना दिसते. मॉडेल ए च्या अरुंद चासिसला ही शोभा नव्हती. म्हणूनच मॉडेल ए ची हलकी बॉडी 1932 च्या चासिसवर बसवण्याची प्रथा पडली. बॉडी चासिसच्या वरच ठेवलेल्या बिनमडगार्डच्या गाडीला ‘हायबॉय’ म्हणतात; बॉडीचा तळ कापून ती चासिसवरून खाली उतरवल्यास त्यास ‘चॅनेलिंग’ म्हणतात. कॅलिफोर्नियात हायबॉयची, तर पूर्व किनाऱ्याकडील राज्यांत चॅनेल केलेल्या गाड्यांची आवड अधिक होती असे साधारणतः मानले जाते.

व्ही-8 इंजिनात व्हॉल्व्ह हेडात नसून ब्लॉकमध्ये (सिलिंडर ज्यात असतात त्या ओतीव धडात), सिलिंडरच्या बाजूला असतात. वरचे हेड चपटे दिसते म्हणून त्यास ‘फ्लॅटहेड’ हे नाव मिळाले. या रचनेत जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर काढावा लागे, आणि प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांसाठी तीनच मार्ग असल्याने मधल्या दोघांना एकच वाट मिळे. त्यामुळे ब्लॉकभोवतीचे पाणी तापे. इंजिन गरम होणे ही या गाड्यांची जुनी तक्रार याच रचनेतून उद्भवली असून ती पुष्कळ प्रयत्नांनीही पूर्णपणे मिटली नाही. ताकद वाढवण्याचा ठरलेला मार्ग असा होता : नंतरच्या 239 घनइंचांच्या ब्लॉकमध्ये 1949 पासूनच्या मर्क्युरी या फोर्डच्याच मोटारीचा 4 इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँकशाफ्ट घालावा आणि सिलिंडर 3 5⁄16 इंच व्यासापर्यंत बोअर करावेत, म्हणजे आतून कोरून रुंद करावेत, की आकारमान सुमारे 276 घनइंच होते. त्यावर एडलब्रॉक किंवा ऑफेनहाउझर यांची ॲल्युमिनियमची हेडे, दोन-तीन स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटर आणि इस्केंडेरियन यांच्यासारख्या कारागिराचा कॅमशाफ्ट बसवला जाई. झोरा आर्कस-डंटॉव्ह यांचे ‘आर्डन’ हेड लावल्यास व्हॉल्व्ह वर येत. ही हेडे आज दुर्मीळ व महाग आहेत. 1955 मध्ये शेवरोलेचे हलके व्ही-8 इंजिन आल्यावर फ्लॅटहेड मागे पडले.

पारख करताना गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. तिने ज्या काळाचा दावा केला आहे त्या काळाशी तिचे सर्व भाग जुळतात का, हे पाहिले जाते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये दिले, म्हणून त्या वर्षीचे ब्रेक आणि गिअरबॉक्स जुन्या रोडस्टरवर चढवणे हे युद्धपूर्व व युद्धोत्तर गाड्यांचे नेहमीचे लक्षण समजतात. पुढचा ॲक्सल तापवून, ओढून, मधला भाग खाली आणलेला असावा. सॅन डिएगोच्या एड स्ट्युअर्ट यांनी असे ॲक्सल मोठ्या प्रमाणावर वाकवून दिले व त्यांची वळणे जाणकार नजरेने ओळखतात. मागची चाके मोठी व पुढची लहान, डॅशबोर्डवर स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीची मापके, मागे 1939 च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे दिवे, हा जुळणारा संच मानला जातो. 1948 ची म्हणवणाऱ्या गाडीत 1955 चे इंजिन आढळल्यास कारागिरी कितीही सफाईची असो, पारखी तिला त्या काळाची मानत नाही. मूळ फोर्डची पत्र्याची बॉडी, ओहायोतील ब्रुकव्हिल कंपनीची नव्याने ठोकलेली पत्र्याची बॉडी आणि फायबरग्लासची बॉडी असा उतरता क्रमही बहुतेकांना मान्य आहे. पण फायबरग्लासच्या गाड्या नसत्या तर हा छंद मूठभर धनिकांपुरताच राहिला असता.

या आवडीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात प्रदर्शनांचा वाटा मोठा आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील ग्रँड नॅशनल रोडस्टर शोमध्ये 1950 पासून अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टरसाठी सुमारे नऊ फूट उंचीचा चषक ठेवण्यात आला. पहिला मान बिल नीकँप यांच्या 1929 च्या बॉडीच्या रोडस्टरला मिळाला. ही गाडी शर्यतीतही धावली होती, हे विशेष. हे प्रदर्शन 2004 पासून पोमोना येथे भरते. 1970 व 1980 च्या दशकांत गुळगुळीत रंगाच्या, यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांनी सजवलेल्या ‘स्ट्रीट रॉड’ गाड्यांचा बोलबाला होता. त्याची प्रतिक्रिया म्हणून 1990 च्या दशकात जुन्या पद्धतीकडे पुन्हा ओढा वाढला. याच सुमारास, 1997 मध्ये, पेबल बीच येथील अभिजात मोटारींच्या स्पर्धेने हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग उघडला व त्यात डोन स्पेन्सर यांची 1932 ची रोडस्टर पहिली आली. अमेरिकी टपाल खात्याने 2014 मध्ये हॉट रॉडवर काढलेल्या दोन तिकिटांवरही 1932 चीच रोडस्टर आहे.

मूळ स्थितीतील मोटारी जतन करणारे मात्र या छंदावर नाराज आहेत : शाबूत फोर्ड गाड्या कापून हॉट रॉड बनवल्या गेल्याने मूळ रोडस्टर दुर्मीळ झाल्या, असे त्यांचे म्हणणे. हे अंशतः खरे असले, तरी भंगारात गेल्या असत्या अशा अनेक गाड्या याच छंदामुळे टिकल्या, हेही नाकारता येत नाही. हॉट रॉडवाल्यांमध्ये अलीकडे वेगळाच वाद आहे. कोठारात सापडलेली, 1950 च्या दशकातील रंग व गंज यांसह उरलेली रोडस्टर नव्यासारखी करावी की तशीच ठेवावी, याविषयी एकमत नाही. एकदा काढलेला जुना रंग परत आणता येत नाही, हे दुसऱ्या पक्षाचे मुख्य म्हणणे आहे.

अमेरिकेबाहेर स्वीडन, ऑस्ट्रेलिया व जपान येथे हा छंद रुजला आहे. योकोहामा येथे दरवर्षी भरणारे हॉट रॉड प्रदर्शन प्रसिद्ध आहे. स्ट्रॉमबर्ग 97 हा कार्ब्युरेटर आता इंग्लंडमध्ये नव्याने बनवला जातो.