गांजा, भांग आणि चारित्र्य पडताळणीचा कागद

बीड, परभणी, लातूरकडे पहाटे मैदानावर पळणाऱ्या पोरांना विचारा. पोलीस भरतीत ग्राउंड निघतं, लेखी निघते, पण धडकी भरते ती व्हेरिफिकेशनची, म्हणजे चारित्र्य पडताळणीची. कोवळ्या वयात ओढलेला गांजा पुढे नोकरीच्या आड येतो हे इथे बहुतेकांना कळतं ते या कागदापाशी. गांजाला गुन्हा ठरवणारा कायदा मात्र फार जुना नाही.

१८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने गांजा-भांगेच्या बेताच्या वापराने फारसं बिघडत नाही असं म्हणून बंदीऐवजी परवाने आणि कर सुचवले होते. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा पारंपरिक वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत दिली होती. ती संपत आली तेव्हा, १९८५ साली, आजचा केंद्रीय अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) आला.

खरा गुंता या कायद्यातल्या 'गांजा' या शब्दाचा. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा बिया असतील तर तो गांजा नाही, म्हणून भांग या कायद्याबाहेर राहिली. महाशिवरात्रीची भांग 'चालते' हा समज त्यातूनच पसरला असावा. पण राज्याच्या १९४९च्या कायद्यात भांगही आहे आणि विनापरवाना ती बाळगणं गुन्हाच आहे. म्हणजे एका कायद्याने सुटलेली पानं दुसऱ्याने धरली.

वजनाचा घोळ तर याहून वाईट. २००१च्या दुरुस्तीपासून शिक्षा मात्रेवर ठरते. गांजाची कमी मात्रा १ किलोपर्यंत, व्यापारी मात्रा २० किलोच्या वर, आणि तिथे किमान १० वर्षं सक्तमजुरी. कापसात किंवा तुरीत लावलेली झाडं धाडीत उपटून मुळा-पानांसकट तोलली, तर २० किलो व्हायला वेळ लागत नाही. तोलायचं काय, ओलं झाड की नुसते शेंडे, यावर जामिनाच्या सुनावण्यांत अजूनही वाद होतात. शेतात राखणीला बसवलेल्या पोराचं पुढचं आयुष्य त्या काट्यावर ठरतं. खिशात पुडी सापडलेल्याचं प्रकरण त्यामानाने हलकं: बाळगल्याबद्दल १ वर्षापर्यंत, सेवनाबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सवलत देणारं कलमही याच कायद्यात आहे. त्याची चर्चा गावात क्वचितच ऐकू येते.

वयाची रेघ १८ची. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार त्याआतल्या मुलाला दोषी ठरवलं तरी पुढे अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक काळाने नोंदी नष्ट करायच्या असतात. गंभीर प्रकरणात १६ वर्षांवरच्याला प्रौढ मानून खटला चालला, तर ही सवलत हुकते. एरवी किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआरही होत नाही. अपवाद मोठ्यांसोबत सापडण्याचा, आणि इथली चिलीम फिरते ती नेमकी १७ आणि १९ वर्षांच्यांत एकत्र.

सवयीने होणारं नुकसान वेगळं, आणि ते खोटं नाही. न्यूझीलंडमध्ये १९७७ साली जन्मलेल्या बाराशेहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला. १४ ते २१ या वयात जास्त ओढणाऱ्यांचं शिक्षण कमी, पंचविशीतलं उत्पन्न कमी आणि बेकारी जास्त दिसली. यावर आक्षेप असा की घरची परिस्थिती आधीच वाईट असेल, त्याचं काय? म्हणून एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांकडे पाहिलं गेलं. २०२१ साली आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात जास्त ओढणारं जुळं भावंड बुद्धीत मागे नव्हतं, पण शिक्षण, हुद्दा आणि कमाईत मागे होतं. मग आड येतो तो मेंदू, की हुकलेली शाळा?

इकडच्या पोरांना त्याआधी फॉर्म भरावा लागतो. त्यात अटक किंवा खटला झाला होता का, असा रकाना असतो. शहाणपण शिकवणारे 'नाही लिही' म्हणतात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लपवलेला गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्य वापरावं. पण ते तारतम्य वापरायचं असतं नोकरी देणाऱ्याने, आणि 'नाही' लिहून पकडलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरावर पुडीबरोबरच माहिती लपवल्याचाही ठपका येतो.