कढीपत्त्यावरची अळी आणि अडीचशे वर्षांचा घोळ

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून आई काडीने काढायला गेली तर ती शीट चक्क हलली. बोरिवलीत गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्यांना ही अळी माहीत असेल, कॉमन मॉर्मन फुलपाखराची, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं काढून घाण वास सोडते.

याच फुलपाखराने मोठमोठ्या लोकांना गंडवलंय. १७५८ मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने नराला एक नाव दिलं आणि मादीला दुसरं, म्हणजे नवरा-बायको दोन वेगळ्या प्रजाती! त्याचीही चूक नाही म्हणा, कारण माद्या तीन प्रकारच्या असतात. एक नरासारखीच, बाकीच्या दोघी कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात, पक्षी फसतो आणि यांना सोडून देतो. हे सगळे एकाच घरातले, हे १८६५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने नीट मांडलं. पण एकाच आईच्या पोटी इतकी वेगळी रूपं कशी, हे कळायला २०१४ उजाडलं, फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे सगळं डबलसेक्स नावाचा एकच जीन करतो. एकच!

म्हणजे दिसायला वेगळं असलं की प्रजाती वेगळी असं नाही. पण गंमत अशी की उलटंही होतं. अमेरिकेत एक फळमाशी हॉथॉर्न नावाच्या झाडाच्या फळांवर जगायची, युरोपियन लोकांनी सफरचंद नेलं आणि १८६०च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ वॉल्शच्या लक्षात आलं की काही माश्या तिकडे वळल्यात. दिसायला अगदी सेम. पण या माश्या फळावरच जोडी जमवतात आणि सफरचंद आधी पिकतं, म्हणजे भेटायची जागा वेगळी आणि वेळही वेगळी, मग दोन्हीकडचं मिसळणं कमी होत जातं. त्यांच्यात जनुकीय फरक पडलाय हे १९८८ मध्ये दिसलं. पूर्ण वेगळी प्रजाती नाही अजून, पण त्या वाटेवर आहे.

आणि फ्लोरिडातला सोपबेरी बग तर अजून भारी, हा किडा फळात सोंड खुपसून आतली बी खातो. नवीन आणलेल्या झाडाच्या शेंगेत बी वरवर असते, मग लांब सोंड हवी कशाला, काही दशकांतच सोंड आखूड झाली. संग्रहालयातले जुने टाचलेले किडे मोजून हे पकडलं.

आमच्या कुंडीतल्या कोषातून नर निघाला, काळा, खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. आमटीला पान मात्र एक ठेवलं नाही त्याने.